गालिच्याचं मूळ गाव

भारतीय हॉकी कशानं बुडाली, असा प्रश्न कुठल्याही कट्ट्यावर टाका. उत्तर ठरलेलं असतं: अ‍ॅस्ट्रोटर्फनं. गवतावर आपल्याला हरवता येईना, म्हणून युरोपवाल्यांनी १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये नायलॉनचा गालिचा अंथरला आणि आपली कलाकुसर मोडीत काढली. कथा चटपटीत आहे. फक्त त्या गालिच्याचं मूळ गाव शोधायला निघालं, की तिथं ना युरोप सापडतो, ना हॉकी.

सापडतात अमेरिकेतली शहरी पोरं. कोरियन युद्धाच्या सुमारास लष्करात भरती होणारी ही पोरं खेड्यातल्या पोरांपुढे दमाला कमी पडतात, अशी तिथं ओरड सुरू झाली. शहरात पळायला माती उरली नव्हती. होतं ते डांबर आणि काँक्रीट. फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर चालणारी, शाळांच्या इमारतींचा विचार करणारी एक संस्था होती. वर्षभर वापरता येईल असं बिनमातीचं मैदान काढा, असा आग्रह तिनं धरला. मोन्सँटोची उपकंपनी केमस्ट्रँड गालिच्यांसाठी कृत्रिम धागा बनवायची. तिनं नायलॉनचं गवत विणलं आणि १९६४ साली ते ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या मोझेस ब्राऊन शाळेत पसरलं. त्याला नाव दिलं 'केमग्रास'. असल्या नावानं ते पायपुसणं म्हणूनसुद्धा खपलं नसतं.

नाव बदललं ते ह्यूस्टनमध्ये. १९६५ साली तिथं अ‍ॅस्ट्रोडोम हे छप्पर असलेलं बेसबॉलचं स्टेडियम उघडलं. आत खरं गवत होतं आणि छताला पारदर्शक तावदानं. तावदानांतून येणाऱ्या उन्हानं खेळाडूंचे डोळे दिपायचे, उंच उडालेला चेंडू दिसेना. म्हणून तावदानं रंगवली. मग ऊन मिळेना, गवत मेलं. मेलेल्या गवताला हिरवा रंग मारून हंगाम कसाबसा काढला. १९६६ साली केमग्रास आलं आणि स्टेडियमच्या नावावरून 'अ‍ॅस्ट्रोटर्फ' झालं. म्हणजे ज्याच्या नावानं आपण बोटं मोडतो, ते शाळकरी पोरांच्या दमासाठी जन्मलं आणि बेसबॉलच्या घरात त्याचं बारसं झालं.

हॉकीच्या घरात ते का शिरलं? माझा तर्क साधा आहे. ऑलिंपिकमध्ये एकाच मैदानावर दिवसाला एकाहून जास्त सामने उरकावे लागतात. खऱ्या गवताची तेवढ्यानं चाळण होते. एक पावसाची सर आली की गोलसमोर चिखल. संयोजकाला गालिचा परवडतो, तो याचसाठी. कटवाल्यांना हे पटणार नाही. त्यांनी माँट्रियलचा निकाल पाहावा. सुवर्ण न्यूझीलंडला, रौप्य ऑस्ट्रेलियाला, कांस्य पाकिस्तानला. युरोपनं कट केला असेल तर तो अगदीच अडाण्यासारखा केला.

आपण सातवे आलो, हे खरं. ऑस्ट्रेलियानं साखळीत ६-१ असं धुतलं, हेही खरं. पण त्याच ऑस्ट्रेलियाशी उपांत्य फेरीसाठी पुन्हा सामना झाला, तेव्हा बरोबरी झाली आणि आपण पेनल्टी स्ट्रोकवर हरलो. तोच गालिचा, तीच माणसं. शिवाय ऑलिंपिकमधली उतरण आधीच लागली होती: १९६० साली रौप्य, १९६८ आणि १९७२ला कांस्य, सगळं गवतावर. १९८०ला मॉस्कोत कृत्रिम मैदानावर आपण सुवर्ण जिंकलं. बहिष्कारामुळे बडे संघ नव्हते, म्हणून तो दाखला मी बाजूला ठेवतो. १९८४चा ठेवणार नाही. लॉस एंजेलिसच्या कृत्रिम मैदानावर पाकिस्ताननं पश्चिम जर्मनीला हरवून सुवर्ण नेलं, तेही आपल्याच घराण्याच्या हॉकीनं.

तरी गालिच्यानं काहीच बिघडवलं नाही, असं म्हणणं लबाडी होईल. खडबडीत मैदानावर चेंडू कुठं उडेल याचा भरवसा नसतो. म्हणून तो स्टिकला चिकटवून न्यायचा, मनगट फिरवून डावीउजवीकडे खेळवायचा. आपलं ड्रिबलिंग ही त्या खडबडीतपणावरची तोड होती. गालिच्यावर चेंडू सरळ घरंगळतो. चाळीस यार्डांचा पास मारला तर ज्याच्यासाठी मारला त्याच्याच स्टिकवर जातो. मग तीन जणांना चकवण्यात दम कशाला घालवायचा? खेळ पळण्याचा झाला. ज्यांच्याकडे गालिचे मुबलक, त्यांची पोरं लहानपणापासून तसं पळायला शिकली. आपल्याकडे तेव्हा गालिचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि पोरं मातीत. गुन्हेगार शोधायचाच तर तो इथं, आपल्याच तिजोरीपाशी आहे. खडकीच्या मातीत तुटक्या स्टिकनं शिकलेला धनराज पिल्ले याच गालिच्यावर चार ऑलिंपिक खेळला, पण तो धनराज होता.

पाण्याचा खर्च वेगळाच. कोरड्या नायलॉनवर घसरलं की कातडी सोलून निघते आणि चेंडूही अडखळतो, म्हणून सामन्याआधी मैदान भिजवायचं. दुष्काळी मुलखात हे परवडणार कसं, याचं उत्तर बराच काळ कुणी दिलं नाही. २०१२ला लंडननं निळा रंग आणि पिवळा चेंडू आणला. ती सोय मुख्यतः टीव्हीवाल्यांची. पाण्याची बचत पुढं मनावर घेतली गेली, २०२४ला पॅरिसमध्येसुद्धा. तिथं कमी पाण्यावर भागणारा गालिचा अंथरला, आणि त्याच्या पात्यांचं प्लास्टिक बरंचसं उसापासून बनवलेलं होतं. त्याच्यावर आपण स्पेनला २-१ हरवून कांस्य घेतलं. ऊस अर्थात आपल्याकडचा नव्हता.