स्वेच्छेने सोडलेली खुर्ची

इ. स. २०१९ ची दिवाळी टेलिफोन खात्यातल्या पुष्कळ घरांत फराळापेक्षा हिशेबातच गेली असेल. धनत्रयोदशीला दोन दिवस उरले असताना, २३ ऑक्टोबर रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम ह्या दोन सरकारी कंपन्या सावरण्याची योजना मंजूर केली. पन्नाशी गाठलेल्या नोकरदारांनी आपण होऊन निवृत्त व्हावे, हा त्या योजनेचा एक भाग होता. भाऊबीज होऊन आठवडा होतो न होतो तोच, ४ नोव्हेंबरला, अर्ज खुले झाले आणि ३ डिसेंबरला ती मुदत संपली. ३१ जानेवारी २०२० ह्या एकाच दिवशी भारत संचार निगमचे ७८ हजारांहून अधिक, म्हणजे जवळजवळ निम्मे, आणि महानगर टेलिफोनचे १४ हजारांहून अधिक लोक आपापले टेबल आवरून घरी गेले.

ह्या सर्वांनी नोकरी ‘स्वेच्छेने’ सोडली, अशी सरकारदप्तरी नोंद आहे. आपल्या परंपरेला स्वेच्छेने दूर होणे नवे नाही; नातवाचे तोंड पाहिल्यावर संसारातून मन काढून घ्यावे, ह्याला आपण वानप्रस्थ म्हणत आलो. परंतु मुलीचे कॉलेज, घराच्या कर्जाचे हप्ते आणि वृद्ध आईचे औषधपाणी चालू असताना, एका महिन्याच्या मुदतीत घ्यावयाचा वानप्रस्थ हा निराळाच प्रकार म्हटला पाहिजे. तो आला कोठून, आणि त्यातली इच्छा नेमकी कोणाची, ह्याचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे. कारण तो अर्ज आज ना उद्या कोणाच्याही घरी येऊ शकतो.

प्रथम कायद्याकडे पाहू. १९४७ साली औद्योगिक विवाद कायदा झाला आणि १९५३ साली त्यात कामगार-कपातीचे एक नवे प्रकरण घालण्यात आले. कामगाराला कमी करावयाचे तर एक महिन्याची नोटीस द्यावी, नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे, आणि सामान्यतः जो शेवटी आला त्याला आधी काढावे, असे नियम ठरले. पुढे १९७६ साली कायदा आणखी कडक झाला. तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना, खाणींना व मळ्यांना कपात करण्यापूर्वी किंवा टाळे लावण्यापूर्वी सरकारची परवानगी बंधनकारक झाली. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा शंभरावर आणली; २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा तीनशेवर नेली.

मालकाच्या दृष्टीने हा दरवाजा कुलूपबंद होता. पण त्याच कायद्यात एक खिडकी उघडी होती. ‘कपात’ म्हणजे काय, ह्याची व्याख्या करतानाच १९५३ साली असे लिहून ठेवले होते की, कामगाराने स्वेच्छेने पत्करलेली निवृत्ती कपातीत मोडत नाही. म्हणजे माणूस आपण होऊन गेला तर नोटीस नको, परवानगी नको, शेवटी आलेल्याला आधी काढण्याचे बंधनही नको. हे एकदा ध्यानात आले की ‘सानुग्रह रक्कम’ ह्या गोड शब्दाचा अर्थ उलगडतो. तो अनुग्रह नव्हे; ती किंमत होय. कायद्याने आणि संघटनेने कामगाराला जे संरक्षण मिळवून दिले, ते सोडून देण्याबद्दल मालकाने देऊ केलेली किंमत. विकत घ्यावयाची वस्तू ही आहे, हे ज्याला कळले त्यालाच तिचा भाव करता येतो.

आता प्रश्न असा की माणसे नकोशी का होतात? बहुधा काम संपलेले नसते. ते दुसरीकडे गेलेले असते. कापडाचा धंदा ह्याचे सर्वांत जुने उदाहरण आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापिली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी चालू झाली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत हिंदुस्थान, जपान, हाँगकाँग अशा पूर्वेकडील देशांत साचे वाढत गेले आणि लँकेशायरमधले मुके होत गेले. ज्या ब्रिटनने साऱ्या जगाला कापड नेसवले, तेच १९५८ च्या सुमारास विकण्यापेक्षा अधिक सुती कापड विकत घेऊ लागले. १९५९ साली तेथील पार्लमेंटने कायदा करून जुनी यंत्रे मोडीत काढणाऱ्या मालकांना सरकारी पैसा दिला. जवळजवळ निम्म्या चात्या भंगारात गेल्या, आणि काम गेलेल्या कामगारांना धंद्यातूनच उभारलेल्या निधीतून भरपाई मिळाली.

लँकेशायरवर आलेली पाळी मुंबईलाही चुकली नाही. येथले कापड हळूहळू भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर जाऊ लागले होते. तेथे मजुरी कमी आणि कायद्याचा हात तोकडा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि त्यानंतर गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. १९८३ साली मुंबईतील तेरा गिरण्यांची व्यवस्था सरकारने आपल्याकडे घेतली. पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ साली मुंबईतल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या, तेव्हा सुमारे दोन हजार कोटी रुपये हाती आले. महामंडळाच्या योजनेत अशाच पैशांतून कामगारांची स्वेच्छानिवृत्ती भागवावयाची होती. ज्या जमिनीवर बापजाद्यांनी तीन पाळ्यांत घाम गाळला, तिच्याच विक्रीतून त्यांना निरोपाचा विडा मिळाला. लालबाग-परळच्या चाळींत ते पैसे पोचले तेव्हा पुष्कळ घरांत सावकार आणि वाणी आधीच दारात उभे होते. गिरणी बंदच असेल आणि वर्षानुवर्षे पगार नसेल, तर सही करण्यावाचून दुसरे काय उरते? भीष्माचार्यांनाही इच्छामरणाचा वर होता. पण त्यांनी इच्छा केली ती शरपंजरी पडल्यावर.

१९९१ साली देशाचे आर्थिक धोरण बदलले आणि स्वेच्छानिवृत्तीला राजमान्यता मिळाली. फेब्रुवारी १९९२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नवीकरण निधी उभारला. त्याचा मोठा वाटा सरकारी उद्योगांतील स्वेच्छानिवृत्तीवरच खर्च झाला. वर्तमानपत्रांनी ह्या प्रकाराला ‘गोल्डन हँडशेक’ हे नाव रूढ केले. प्राप्तिकराच्या कायद्यानेही हात सैल सोडला आणि अशा रकमेपैकी पाच लाख रुपये करमुक्त केले. मात्र त्यासाठीच्या नियमांत एक अट होती, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ही सवलत हवी असेल तर योजनेमुळे एकूण नोकरवर्ग घटला पाहिजे आणि रिकामी झालेली जागा पुन्हा भरता कामा नये. म्हणजे सही करणारा केवळ स्वतः उठत नाही. त्याच्यामागे खुर्चीही उचलली जाते. वडिलांनी जी नोकरी सोडली, तिच्यासाठी मुलाने अर्ज करावयाचा म्हटले तर ती जागाच शिल्लक नसते.

ह्या साऱ्याची खरी कसोटी लागली ती बँकांत. बँका काही कारखान्यांत मोडत नाहीत; त्यांचे कुलूप होते ते सेवानियमांचे आणि बळकट संघटनांचे. संगणक आले, खातेवह्या मिटल्या आणि माणसे जास्त झाली असे सांगितले जाऊ लागले. २००० च्या दिवाळीनंतर एकेका सरकारी बँकेने योजना जाहीर केली. पंधरा वर्षे नोकरी किंवा चाळीस वर्षे वय पुरे झालेले त्यास पात्र होते. प्रत्येक पुऱ्या वर्षामागे साठ दिवसांचा पगार, किंवा निवृत्तीला जितके महिने उरले असतील तितक्या महिन्यांचा पगार, ह्यांपैकी जी रक्कम कमी ती मिळावयाची होती. सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. महिना बारा हजार रुपये पगार, नोकरी चोवीस वर्षे झालेली, निवृत्तीला चौदा वर्षे बाकी. वर्षाला दोन महिने ह्याप्रमाणे अठ्ठेचाळीस महिन्यांचा पगार होतो. उरलेले महिने एकशे अडुसष्ट. कमी ते अठ्ठेचाळीस, म्हणजे ५ लाख ७६ हजार रुपये. लाखांत ऐकले की डोळे दिपतात, महिन्यांत ऐकले की उघडतात! चौदा वर्षांच्या पगाराच्या बदली चार वर्षांचा पगार. उलट ज्याची तीनच वर्षे उरली होती त्याला छत्तीस महिन्यांचा पगार, म्हणजे घरी बसून जवळजवळ पुरे वेतन. शिवाय दुसरे काम शोधावयास तो मोकळा. त्याच्यासाठी हा सौदा खरोखरच सोन्याचा होता. योजना एकच, पण एकाला ती पेढे वाटावयास लावणारी आणि दुसऱ्याला झोप उडवणारी.

त्या ५ लाख ७६ हजारांवर दहा टक्के व्याज धरले तर महिन्याला ४,८०० रुपये येतात. २००० च्या सुमारास मुदत ठेवीवर असे व्याज मिळे. पण पुढच्या तीन-चार वर्षांत व्याजाचे दर झपाट्याने उतरले, आणि सहा टक्के धरले तर तीच रक्कम महिन्याला २,८८० रुपये देते. ज्यांनी जास्तीच्या आशेने युनिट ट्रस्टच्या ‘यूएस-६४’ योजनेत पैसे घातले, त्यांच्यापुढे २ जुलै २००१ रोजी ती खिडकीच बंद झाली. ठेवींचे व्याज इतरांना आयुष्यभर समजावून सांगितलेल्या बँकवाल्यांनाही पुढच्या व्याजाचा अंदाज बांधणे सोपे नव्हते. मग इतरांची काय कथा?

काहींचे मन अर्ज केल्यावर बदलले. त्यांनी अर्ज परत मागितला, तर एकदा दिलेला अर्ज मागे घेता येणार नाही असे योजनेतच छापलेले होते. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २००२ मध्ये न्यायालयाने राष्ट्रीयीकृत बँकांच्या योजनांबाबत निकाल दिला, त्याचा मथितार्थ असा: बँकेची योजना हे केवळ आमंत्रण होते, कर्मचाऱ्याचा अर्ज हा प्रस्ताव होता, आणि १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे प्रस्ताव स्वीकारला जाण्यापूर्वी तो मागे घेता येतो. मात्र ज्यांनी योजनेचे पैसे घेऊन वापरले, त्यांना माघार नाही. पेन्शनचा वाद आणखी लांबला. स्वेच्छेने निवृत्त होणाऱ्याच्या सेवेत पाच वर्षांपर्यंत भर घालून पेन्शन मोजण्याची तरतूद बँकांच्या नियमांत होती, पण बँका ती ह्या लोकांना देईनात. वीस वर्षे सेवा झालेल्यांना तो लाभ मिळाला पाहिजे, असा निर्णय लागला तो २००९ साली. अर्ज भरावयास एक महिना, आणि त्यातल्या कलमाचा अर्थ लागावयास आठ वर्षांहून अधिक!

आणि त्या खुर्च्यांचे काय झाले? बँकांतली लिपिकांची भरती अनेक वर्षे मंदावलेली राहिली. २०११ पासून सामाईक परीक्षा सुरू झाल्या आणि नवी मुले पुन्हा काउंटरच्या पलीकडे दिसू लागली. पण मधल्या काळात ज्यांची वये उलटून गेली, त्यांची नावे कोणत्याच योजनेच्या हिशेबात नाहीत.

ह्या गोष्टीची दुसरी बाजूही विसरता येत नाही. ज्या काळात आपल्याकडे खुर्च्या उचलल्या जात होत्या, त्याच काळात परदेशांतल्या खुर्च्या आपल्याकडे येत होत्या. १९९६ साली ब्रिटिश एअरवेजने आपली पाठीमागची कचेरीची कामे करण्यासाठी मुंबईत एक संस्था काढली, तीच पुढे डब्ल्यूएनएस म्हणून नावारूपास आली. पुण्याजवळच्या हिंजवडीत, भातखाचरांच्या जागी, काचेचे मनोरे उभे राहिले. सातासमुद्रापलीकडे कोणी तरी सही केली म्हणून आपल्या मुलांना काम मिळाले, हे म्हणावयास कडू असले तरी पुष्कळ अंशी खरे आहे. आणि चाक तेथेच थांबले नाही. २०१७ साली कॉग्निझंट ह्या संगणक कंपनीने आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे स्वेच्छेने जाण्याची योजना ठेवली, ती सहा ते नऊ महिन्यांच्या पगाराची होती. बँकेतल्या कारकुनाला अठ्ठेचाळीस महिने आणि मोठ्या पगाराच्या साहेबाला नऊ! ह्याचे कारण उघड आहे. कारकुनाच्या दरवाज्याला संघटनेचे आणि नियमांचे कुलूप होते. साहेबाचा दरवाजा नुसता लोटलेला होता. कुलूप जितके भक्कम, तितकी किल्ली महाग.

म्हणून असा कागद घरी आला तर आधी रकमेकडे न पाहता कुलूप पाहावे. मी नाही म्हटले तर मला काढता येते काय, बदली करता येते काय, की कंपनीच बुडावयास आली आहे? मग रक्कम लाखांत न मोजता महिन्यांत मोजावी आणि व्याज आजचे न धरता बरेच कमी धरावे. पेन्शन, ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड आणि औषधोपचाराची सोय ही निराळी हक्काची बाब आहे. ती सानुग्रह रकमेत मिसळून मोठी दाखवलेली नाही ना, ते पाहावे. अर्ज मागे घेता येतो काय आणि कधीपर्यंत, हे लेखी विचारावे. आणि आपले काम आता कोण करणार, कोठे करणार, हेही विचारावे. त्या उत्तरावरून आपण राहिलो तर किती दिवस राहू, हे पुष्कळदा कळून येते.

हे सर्व पाहून कोणी जावयाचे ठरवले, तर त्याला भेकड म्हणू नये. आणि कोणी राहावयाचे ठरवले, तर त्याला हट्टी म्हणू नये. खुर्ची वाचवण्याचा भार एकट्या घरावर टाकणे न्याय्य नाही. तो संघटनेचा आणि सरकारचा आहे. घराने पाहावयाचे ते एवढेच की, अर्जावर सही एकाची असली तरी त्या पगारावर जगणारी माणसे चार-पाच असतात, आणि त्यांच्याशी बसून बोलल्याखेरीज ती सही होऊ नये. १९५३ साली कायद्याने ‘स्वेच्छा’ हा शब्द लिहिला तेव्हा त्याचा अर्थ मात्र सांगितला नाही. पुरती माहिती, पुरेसा वेळ आणि ‘नाही’ म्हणण्याची सोय ही तिन्ही असतील, तेथे ती स्वेच्छा म्हणावी. ह्यांपैकी एकही नसेल, तर ती कपातच होय, मग कागदावर काहीही छापलेले असो.