कोंबडी वर बघते तेव्हा

कोंबडी ओरडली, पिलं पंखाखाली शिरली, की आपणही वर बघतो. शेपटीला मधोमध खाच दिसली तर ती घार. कबुतराएवढा, छातीवर तांबूस आडव्या रेघा असलेला तो शिक्रा. पांढुरकी, लाल डोळ्यांची, हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते ती कापशी. शेतातले उंदीर मारते.

उघड्या मानेचं, भल्यामोठ्या पंखांचं गिधाड मात्र आता सहसा दिसत नाही. आपल्या आज्या-सासवांनी मेलेल्या गुराभोवती त्यांचे थवे पाहिले होते. १९९० नंतर ती भराभर मेली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर २००७ पर्यंत हजारात जेमतेम एक उरली. कारण २००४ मध्ये कळलं: गुरांना दुखण्यावर दिलेलं डायक्लोफिनॅक. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांच्या किडन्या निकामी होत. २००६ मध्ये आपल्या देशात गुरांसाठी या औषधावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं.

म्हणून गाय आजारी पडली तर नक्की विचारा, "डॉक्टरसाहेब, इंजेक्शन कोणतं देताय?" आपल्या नातवंडांनाही आभाळात गिधाड ओळखता यायला हवं ना!