नीरेच्या अलीकडे आणि पलीकडे

पुण्याहून साताऱ्याकडे येताना सारोळ्याचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो आणि आमचा खंडाळा तालुका सुरू होतो. गाडीतल्या माणसाला काही कळत नाही. खाली नीरा आहे हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. पण इतिहासात ही नदी किमान दोनदा दोन राज्यांची हद्द होती, आणि दोन्ही वेळा तिच्या काठच्या शेतकऱ्यापुढे प्रश्न एकच होता: सारा या बाजूला जास्त की त्या बाजूला?

हल्ली मोबाइलवर या प्रश्नाचं उत्तर तयार मिळतं. मुसलमान राजा असेल तर रयत लुटली गेली, हिंदू राजा असेल तर सुखात होती. आमच्या लोकांत याचीच उलटी आवृत्ती फिरते: आमचे सुलतान न्यायी, बाकी सगळे लुटारू. दोन्ही वाचून झालं की मला वाटतं, जरा सातबारा काढून बघावा. म्हणजे त्या काळचा.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नीरेच्या दक्षिणेला शिरवळ परगणा विजापूरच्या आदिलशाहीत होता. उत्तरेला पुणे, सुपे हा भाग अहमदनगरच्या निजामशाहीत. हद्द काही दगड रोवून आखलेली नव्हती, ती लढायांप्रमाणे सरकायची, पण साधारण चित्र हे होतं. निजामशाहीचा कारभार तेव्हा मलिक अंबर पाहत होता. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस वजीर झाला आणि 1626 मध्ये मरेपर्यंत त्याने मोगलांना दख्खनमध्ये सुखाने बसू दिलं नाही. गनिमी काव्यासाठी त्याचं नाव निघतं. मला त्याचा महसुली कारभार अधिक मोठा वाटतो.

त्याच्याआधी वसुलीचा मक्ता दिला जाई. मक्तेदाराने सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि रयतेकडून जमेल तेवढं काढायचं. अंबरने मक्ते बंद केले. मुसलमान अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली ब्राह्मण कारकून नेमले, मोडकळीला आलेली गावगाड्याची घडी पुन्हा बसवली. प्रत्यक्ष पिकाचा हिस्सा आधी धान्यात घेतला आणि काही हंगामांचा अनुभव घेऊन मग तो रोखीत बदलला. रोख आकारही दरवर्षी लागवड पाहून ठरायचा. ग्रँट डफ लिहितो की हा हिस्सा पिकाच्या दोन पंचमांश होता, पण लोकांच्या आठवणीप्रमाणे रोखीतला आकार एक तृतीयांशाच्याच आसपास भरे.

आता शिवाजी महाराजांचा हिशोब बघा. जमीन काठीने मोजली. काठी पाच हात पाच मुठींची, वीस काठ्यांचा बिघा, एकशे वीस बिघ्यांचा चावर. पिकाचे पाच भाग करायचे, तीन रयतेला, दोन सरकारला. सभासदाच्या बखरीत हे आलं आहे. दोन पंचमांश! हबशी वजिराचा आकडा आणि छत्रपतींचा आकडा एकच. नव्या रयतेला बैल आणि बियाणं द्यायचं आणि ते हप्त्याहप्त्याने फेडून घ्यायचं, ही महाराजांची पद्धतही त्याच बखरीत आहे.

आजच्या डोळ्यांनी पाहिलं तर शंभरातले चाळीस ही रक्कम काही थोडी नाही. मग लोकांनी या दोघांच्या कारभाराची आठवण चांगली का ठेवली? कारण त्या काळी आकड्यापेक्षा मोठा प्रश्न होता की तो आकडा ठरवतो कोण, आणि वसुलीला दाराशी किती जण येतात. मुलूख मुकासा म्हणून एखाद्या सरदाराला दिलेला असेल आणि पुढच्या वर्षी तो आपल्याकडे राहील याची खुद्द सरदारालाच खात्री नसेल, तर तो यंदाच सगळं पिळून घेणार. त्यात देशमुख-देशपांड्यांचे हक्क, नाना पट्ट्या, वेठबिगार. कागदावरचा दर तोच राहतो आणि घरातलं धान्य निम्म्याने कमी होतं.

दोन राज्यांच्या मधे सापडलेल्यांचे हाल तर वेगळेच. मोगल मुलखातल्या गावाला मोगलांचा सारा होताच. वर मराठ्यांची चौथाई म्हणजे पंचवीस टक्के आणि सरदेशमुखी म्हणजे दहा टक्के. 1719 मध्ये दिल्लीच्या बादशहाने दख्खनच्या सहा सुभ्यांतल्या या वसुलीच्या सनदाच शाहू महाराजांना दिल्या. तत्त्वतः चौथाई सरकारी उत्पन्नातून द्यायची होती. प्रत्यक्षात सरकारी उत्पन्न येतं कुठून? नांगराच्या फाळातूनच.

आणि धर्मावरून कर? होता, आणि तो झाकण्यात काही अर्थ नाही. औरंगजेबाने 1665 मध्ये व्यापारी मालावर मुसलमानाला अडीच टक्के आणि हिंदूला पाच टक्के असा दर ठरवला. दोन वर्षांनी मुसलमानांचा दर माफच केला. 1679 मध्ये जिझिया आणला. याचा बचाव करणारे लेख मी वाचले आहेत, मला ते पटलेले नाहीत. पण मलिक अंबरसारख्याची गोष्ट त्याच्या चार ओळींच्या खाली गाडली जाते, हेही मला पटत नाही.

मग रयतेच्या हातात काय होतं? पाय. तेव्हा जमीन उदंड होती आणि कसणारे हात थोडे. सारा असह्य झाला की अख्खं गाव रातोरात गुरंढोरं घेऊन शेजारच्या राज्यात जाई. जुन्या कागदांत यासाठी शब्द येतो, ‘परागंदा’. मूळ फारसी, अर्थ विखुरलेला. उर्दूत आजही परागंदा हाल म्हणतात. गाव ओस पडलं की सरकारचं उत्पन्न शून्य. म्हणून मग सरकारच मागे लागायचं. कौल द्यायचं, म्हणजे अभयाचं वचन. इस्तावा द्यायचं, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल थोडा थोडा चढवत काही वर्षांनी पूर्ण. शेजारी दुसरं राज्य आहे म्हणूनच हे नरमाईचं धोरण होतं, असं माझं मत आहे. शिवाय ‘रयत’ हा अरबी शब्द मुळात राखणीतल्या कळपासाठीचा. कळप दुसऱ्याच्या कुरणात गेला तर राखणदाराची काय किंमत?

(मुलांना मी हे शब्द फळ्यावर लिहून दाखवतो: रयत, महसूल, वसूल, बाकी, तहसील, जमाबंदी, तगाई. मराठीच्या तासाला मुलं म्हणतात मराठी, उर्दूच्या तासाला म्हणतात उर्दू. ‘जकात’वर मात्र घोटाळा होतो. आमच्या घरी ती गरिबाला देतात, नाक्यावर ती 2017 पर्यंत सरकार घ्यायचं.)

नीरा दुसऱ्यांदा हद्द झाली ती पेशवाई बुडाल्यावर. 25 सप्टेंबर 1819 च्या तहाने इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना सातारचं राज्य दिलं. उत्तरेची सीमा नीरा. पलीकडे पुणे जिल्हा, तिथे कंपनी सरकार. पलीकडे काय झालं हे कंपनीच्याच कागदांत आहे. प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने 1820 नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्याची पाहणी केली. तो हेलीबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकलेला. त्याने लागवडीचा खर्च वजा करून निव्वळ उत्पन्न काढलं आणि त्याचे पंचावन्न टक्के सारा ठरवला. कागदावर सगळं चोख. पण उत्पन्नाचे अंदाज फुगलेले निघाले, मोजणीत लाचलुचपत झाली, त्यात धान्याचे भाव पडले. वसुलीसाठी लोकांना छळ करून पिळलं गेलं. हे पुढे मुंबई सरकारच्याच अहवालाने कबूल केलं आहे, आणि लोक घरंदारं सोडून शेजारच्या संस्थानांत पळाले, हेही. काही भागांत लागवडीलायक जमिनीपैकी जेमतेम तिसरा हिस्सा कसला जात होता.

आता मलिक अंबरचे कारकून कुठल्या कॉलेजात शिकले होते, विचारा.

शेवटी 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांना इंदापुरात पाठवलं गेलं. इंदापूर म्हणजे भीमा आणि नीरा यांच्या बेचक्यातला मुलूख, पळून जायला दोन्हीकडे वाट मोकळी. त्यांनी जमिनीचे नऊ प्रकार पाडले, दर खाली आणला आणि तो तीस वर्षं बदलणार नाही असं सांगितलं. पडीक रानं पुन्हा नांगराखाली आली. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्याची रीत झाली. आपल्या गट नंबरांच्या मागे जे जुने सर्व्हे नंबर आहेत, त्यांचं मूळ तिथलं. इंग्रजांच्या दयाळूपणाचा दाखला म्हणून ही गोष्ट काही पुस्तकांत दिलेली असते. पळून गेलेल्या कुणब्यांचं श्रेय कोणी देत नाही.

1848 मध्ये सातारचं राज्य खालसा झालं आणि नीरेच्या दोन्ही तीरांवर एकच सरकार आलं. खंडाळ्याच्या पश्चिमेला भोर आणि पूर्वेला फलटण ही संस्थानं मात्र 1948 पर्यंत राहिली.

आता माझ्या पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे असा वर्षाला अडीच हजार व्यवसाय कर कापला जातो. गोव्यातल्या शिक्षकाला तो नाही. स्टाफरूममध्ये यावर दरवर्षी कुरकुर होते. तेव्हा मी आठवण करून देतो की 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीला पैसा उभा करायला हा कर 1975 मध्ये आला. कुरकुर थांबत नाही. पण दोनशे रुपयांसाठी कोणी पणजीला बिऱ्हाड हलवत नाही. कर्नाटकात डिझेल स्वस्त होतं तेव्हा सांगली-कोल्हापूरच्या सीमेवरचे ट्रकवाले तिथे ते भरून परत यायचे, एवढाच काय तो आपला परागंदापणा.

अपवाद जतचा. सांगली जिल्ह्यातल्या या कोरड्या तालुक्यातल्या पूर्वेकडच्या गावांनी 2012 मध्ये ठराव केले होते: पाणी देत नसाल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी त्या चाळीस गावांवर हक्क सांगितला आणि मुंबईत एकच धावपळ उडाली. दहा वर्षं कागदावर पडलेले ठराव अचानक सगळ्यांना आठवले. विस्तारित म्हैसाळ योजनेच्या बैठका आणि घोषणा काही आठवड्यांत सुरू झाल्या.