‘इराणी’ आडनावाविषयी

डहाणू-घोलवड पट्ट्यातील चिकूच्या वाड्यांशी ‘इराणी’ हे आडनाव निगडित आहे. त्याचा अर्थ उघड आहे. प्रश्न हा, की ते कोणाच्या दृष्टीतून पडले? इराणात सारेच इराणी, आणि तेथे कुलनामाची सक्ती १९२५ च्या कायद्याने आली. एकोणिसाव्या शतकात छळ व दारिद्र्य यांस कंटाळून येझ्द-केरमानचे जरथोस्ती मुंबई इलाख्यात येऊ लागले. शतकानुशतके आधी संजाणास उतरलेल्या पारशांपासून त्यांस निराळे ओळखण्यास हा शब्द सोयीचा ठरला. मौज अशी, की धर्म एक, मूळ देशही एकच! त्या जुन्या आगमनाच्या परंपरेतील बाहरोटची लेणी याच डहाणू तालुक्यात आहेत.

पुढे ही ओळख वंशपरंपरागत झाली. ‘आलम आरा’चे (१९३१) निर्माते अर्देशिर इराणी १८८६ मध्ये जन्मले ते पुण्यात. आडनावावरून धर्म मात्र ठरवू नये. चहाची दुकाने चालविणारे इराणचे मुसलमानही ते लावीत. डहाणू-तलासरीत त्यास आणखी एक छटा आली. १९४५ च्या उठावात वारली ज्यांच्या वेठीविरुद्ध उभे ठाकले, त्या जमीनदारांत इराणीही होते.