मडगार्डाचे पुनरागमन : शर्यतीच्या मोटारीवरील काचतंतूंचे पाखे

यंत्राचा एखादा अवयव काळाच्या ओघात नाहीसा होतो आणि पुढे वेगळ्या द्रव्यात, वेगळ्या नावाने परत येतो. अशा घटनांचा पुरावा पुष्कळदा कागदपत्रांपेक्षा शब्दांत अधिक टिकून राहिलेला असतो. शर्यतीच्या मोटारीच्या चाकांवर फायबरग्लासचे जे रुंद, बाहेर झुकलेले काठ बसवितात व ज्यांस इंग्रजीत ‘फेंडर फ्लेअर’ म्हणतात, तो अशाच प्रकारचा अवयव होय. पाहणारास तो शोभेचा वाटतो. रस्त्यावर मिरविणाऱ्या मोटारींनी तो समज दृढही केला आहे. वस्तुतः तो नियम आणि टायर यांच्या भांडणातून जन्मला. त्या भांडणाचे व ते मिटविणाऱ्या कारागिरीचे स्वरूप पाहणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ नावांपासून करणे सोयीचे होईल. चाकावरील आवरणास इंग्लंडात ‘विंग’ म्हणजे पंख म्हणतात, अमेरिकेत ‘फेंडर’. हा दुसरा शब्द ‘डिफेंड’ या क्रियापदाचे आद्याक्षर झिजून झालेला आहे. मोटारीवर येण्यापूर्वी तो जहाजाच्या कडेला आणि शेगडीच्या कठड्याला लावला जात होता. इटालियन ‘पाराफांगो’ चिखलाचे निवारण सांगतो. जर्मन ‘कोटफ्ल्यूगेल’ या शब्दाने चिखल आणि पंख या दोन्ही कल्पना एकत्र बांधल्या आहेत. आपण इंग्रजी अमदानीत ‘मडगार्ड’ घेतला आणि टांग्यापासून सायकलीपर्यंत सर्वत्र तो वापरला. या सर्व नावांत चाकाने उडविलेला चिखल बैठकीपर्यंत येऊ नये एवढेच प्रयोजन दिसते. मराठीत छपराच्या उतरत्या बाजूस ‘पाखे’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘पक्ष’पासून, म्हणजे पंखापासूनच आला आहे. भिंतीपलीकडे थोडे बाहेर येऊन पाऊस झेलणारे पाखे आणि चाकाबाहेर येणारा फ्लेअर यांच्या कल्पनेत मला फारसे अंतर वाटत नाही. म्हणून शीर्षकात तो शब्द योजिला आहे. कारागिरांनी तो स्वीकारावा असा आग्रह मात्र नाही.

‘फ्लेअर’ हा शब्द या सर्वांहून निराळा आहे. त्यात चिखल नाही, पंख नाही, संरक्षणही नाही. तो घेरदार झग्याच्या किंवा खाली रुंद होत जाणाऱ्या पाटलोणीच्या वर्णनात वापरला जाणारा शब्द आहे. मोटारीच्या अंगाला शिंप्याची परिभाषा चिकटावी, हा केवळ योगायोग मानण्याचे कारण नाही, हे पुढे दिसून येईल.

मडगार्ड नाहीसे झाले ते कसे, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ला येथे उभा राहिला. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी तेथे जोडल्या जाणाऱ्या छोट्या फियाट ५०० मोटारीकडे पाहिले असता चाकांवरील मडगार्ड बॉडीपासून वेगळे, फुगीर, जणू वरून ठेवल्यासारखे दिसतात. त्याच दशकाच्या मध्यास आलेल्या फियाट ११०० मध्ये ते दिसत नाहीत. नव्या मोटारीचा कुशीचा पत्रा पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत सलग आहे आणि मडगार्ड त्यात विरघळून गेले आहे. शिवाय जुन्या पद्धतीची वेगळी सांगाडी जाऊन पत्र्याची बॉडी स्वतःच भार वाहू लागली होती. पुढे हीच मोटार ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घरोघरी परिचित झाली. एका कारखान्याच्या दारातून थोड्याच वर्षांच्या अंतराने बाहेर पडलेल्या या दोन मोटारी म्हणजे मडगार्डाच्या अंताचा दृश्य पुरावा आहे.

सलग पत्र्याने मोटार सुबक झाली. पण चाकाला मिळणारी जागा कायमची ठरून गेली. पद्मिनीचा टायर नाममात्र ५.२० इंच रुंदीचा आणि चौदा इंची चाकाचा. संसारी मोटारीस तो पुरेसा होता. शर्यतीत मात्र वळणावर मोटार रस्त्यास किती धरून राहते यावर सारे अवलंबून असते, आणि रुंद टायर हा त्यावरचा सर्वांत सरळ उपाय. साठीच्या दशकात शर्यतीचे टायर झपाट्याने रुंदावत गेले. रुंद चाक बसविले की ते कुशीच्या पत्र्याबाहेर डोकावते. येथे नियम आडवा येतो : प्रवासी मोटारींच्या शर्यतीत चाकाचा वरचा भाग बॉडीने झाकलेला असलाच पाहिजे. चाक बाहेर येणार आणि बॉडीने तर ते झाकायचे. तेव्हा बॉडीला बाहेर यावे लागले. पत्र्यात विरघळलेले मडगार्ड अशा रीतीने पुन्हा उगवले.

नियमांनी या पुनरागमनाला कधी आवर घातला, तर कधी मोकळीक दिली. पोर्शे कंपनीने १९७२ च्या अखेरीस काढलेली ९११ कॅरेरा आरएस ही मोटार ठराविक काळात किमान ५०० नग तयार झाल्याशिवाय शर्यतीस मान्य होणार नव्हती. म्हणून मागील चाकांवरचा रुंद पत्रा सामान्य गिऱ्हाइकाच्या मोटारीलाही द्यावा लागला. जपानात निस्सानने १९७१ मध्ये फेअरलेडी २४० झेडजी विक्रीस आणली. तिचे लांब नाक आणि चाकांवरील काठ काचतंतूंच्या प्लास्टिकचे होते, व ते काठ बसविणारे स्क्रू लपविण्याचा यत्किंचितही प्रयत्न केलेला नव्हता. जपानी भाषेने त्यांस ‘ओव्हर-फेंडर’ म्हटले, म्हणजे मडगार्डावरचे मडगार्ड; माझ्या मते सर्व भाषांत हे सर्वांत प्रामाणिक नाव आहे. आणि १९७६ च्या गट पाचच्या नियमांनी मडगार्डांचा आकार मोकळा सोडताच पोर्शेच्या नॉर्बर्ट झिंगर या अभियंत्याने ९३५ मोटारीचे पुढचे दिवे मडगार्डांतून काढून खाली नेले आणि मडगार्डांना हवे ते सपाट रूप दिले. नियमातील एका शब्दाच्या ढिलाईने मोटारीचा चेहरा बदलला. शब्दांचा अभ्यास करणारांनी ध्यानात ठेवावे असे हे उदाहरण आहे.

भारतात या शर्यती मुंबईत जुहूच्या, बंगालमध्ये बराकपूरच्या आणि मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्ट्यांवर भरत. शोलावरमची पट्टी दुसऱ्या महायुद्धातील. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने ती दीर्घकाळ वापरली आणि १९९० साली इरुंगट्टुकोट्टै येथे स्वतःचा मार्ग उभारला. फियाट, हेरल्ड, अँबॅसडर या आपल्या ओळखीच्याच मोटारी तेथे धावत. १९८२ च्या सुमारास बंगळूरच्या सिपानी कंपनीने ब्रिटिश रिलायंट किटनवरून केलेली ‘डॉल्फिन’ आली. तिची सर्वच बॉडी फायबरग्लासची, म्हणून वजनास हलकी. बाजारात ती फार चालली नाही, पण शर्यतवाल्यांनी ती आनंदाने उचलली. कोइमतूरचे करिवर्धन यांनी मारुतीच्या इंजिनावर बांधलेल्या उघड्या चाकांच्या मोटारींनी हे द्रव्य आपल्या शर्यतीत आणखी रुळविले. या इतिहासात चालकांची नावे मिळतात. पत्रा कापणारे आणि साचे घडविणारे हात मात्र बहुतांशी निनावी राहिले आहेत, आणि ही उणीव साधी नाही.

आता द्रव्याकडे वळू. काचेचे बारीक तंतू मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत अमेरिकेत १९३० नंतरच्या काही वर्षांत सापडली. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या ओवेन्स-कॉर्निंग कंपनीने ‘फायबरग्लास’ हे व्यापारचिन्ह इंग्रजीत शेवटचा एक ‘एस’ मुद्दाम गाळून नोंदविले. त्याच दशकात पॉलिएस्टर राळ आली. तंतू आणि राळ यांच्या संयोगातून युद्धकाळात विमानांचे भाग व नावा झाल्या, आणि १९५३ मध्ये शेव्हरलेची कॉर्व्हेट ही संपूर्ण फायबरग्लास बॉडीची मोटार निघाली. पहिल्या वर्षी अवघ्या ३०० झाल्या. इंग्रजी बोलणाऱ्या नावाड्यांनी या शब्दातील ‘ग्लास’ ठेवला व त्याचे क्रियापद केले. आपल्या गॅरेजांनी ‘फायबर’ ठेवला आणि काच टाकून दिली. ‘फायबरची बॉडी’ म्हणणाऱ्या मराठी माणसाच्या मनात काच नसते. आणि ज्या राळेवाचून हे सारे नुसती चिंधी ठरेल, तिला तर दोन्ही भाषांनी नावात स्थान दिलेले नाही.

चिंधी हा शब्द मी हेतुतः वापरला. हे द्रव्य कारागिराच्या हाती येते ते कापड म्हणूनच. सोलापुरात हे सांगण्याची फारशी गरज नसावी. येथील पद्मशाली विणकर ज्यांस तेलुगूत ‘पडुगु’ आणि ‘पेका’ म्हणतात ते उभे व आडवे धागे काचेच्या कापडातही असतात. साधी वीण, तिरपी वीण, साटीन हे भेदही तेच. चादर उशीवर पसरावी त्याप्रमाणे कापड दुहेरी वळणाच्या आकारावर पसरले की उभ्या-आडव्या धाग्यांतील काटकोन जागोजाग मोडतो. तो जितका सहज मोडेल तितके कापड निमूटपणे बसते, नाही तर चुण्या पडतात. म्हणून साध्या विणीपेक्षा साटीन अधिक लवते, आणि म्हणूनच शिंपी जसा घेरासाठी कापड तिरके कापतो तसा फायबरवालाही चाकाच्या कमानीवर पट्ट्या तिरक्या ठेवतो. जेथे वळण फारच आखूड तेथे विणलेले कापड सोडून, तोडलेल्या तंतूंची दिशाहीन चटई घेतात. ती राळेत भिजताच तिचा बंध सुटतो व ती कोपऱ्यात बसते. मात्र तिला राळ फार लागते, तंतूंच्या वजनाच्या सुमारे दुप्पट ते अडीचपट, तर विणलेल्या कापडास जवळजवळ बरोबरीची पुरते. पत्र्याचे मडगार्ड ठोकून घडत होते. हे पाखे मात्र बेतून, कापून, पसरून होतात. हातोडीचा धंदा शिंप्याच्या जवळ सरकला, आणि ‘फ्लेअर’ हा शब्द जणू त्याची वाट पाहत होता.

तथापि, फ्लेअर बसविण्याचे खरे कसब कापडात नसून त्याच्या आधीच्या मोजमापात आहे. जॅकवर उचललेल्या किंवा नुसत्या उभ्या मोटारीवर माप घेणे व्यर्थ होय. स्प्रिंग काढून चाक वरच्या टोकापर्यंत न्यावे लागते, पुढचे चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे लागते; धावत्या मोटारीत चाक जेथे जेथे जाऊ शकते त्या सर्व जागांचे मिळून जे पोकळ रूप होईल तेच फ्लेअरचे खरे अंतरंग. बाहेरचे रूप त्यावर जाडी चढवून येते. अननुभवी मनुष्य उलट करतो : प्रथम बाहेरून देखणा आकार ठरवितो आणि पहिल्याच वळणावर टायर त्या आकाराला आतून खाऊन टाकतो.

दुसरा निर्णय कापण्याचा, आणि येथे चूक झाल्यास ती परत घेता येत नाही. मागील चाकाच्या कमानीत बाहेरचा पत्रा व आतील कोष यांच्या कडा एकत्र दुमडून जोडलेल्या असतात. बॉडीच भार वाहत असल्याने ही कड नुसती किनार नव्हे. बाहेरचा पत्रा कापून ती मोकळी सोडली तर मोटार कमकुवत होते. शिवाय फटीतून पाणी शिरून पत्रा आतून गंजतो. म्हणून बाहेरचा पत्रा कापल्यावर आतील पत्र्याला चिरा देऊन तो बाहेर वळवावा, दोन्ही कडा पुन्हा झाळून एक कराव्यात आणि मगच वर फायबर चढवावे. फायबरचा फ्लेअर हा भार वाहत नाही, तो केवळ झाकतो, हे विसरलेल्या पुष्कळ मोटारी दिसतात.

त्यानंतर आकार. मोटारीच्याच अंगावर माती, प्लास्टर किंवा फेस यांचा नमुना चढवितात, घासून गुळगुळीत करतात, मेण लावून त्यावरून साचा उतरवितात आणि साच्यातून फ्लेअर काढतात. साच्यात प्रथम जेलकोटचा थर, मग चटईचे दोन-तीन थर. प्रत्येक थर रोलरने दाबून आतील हवा काढावी लागते. राळ गोठविणारे द्रव्य शेकडा एक ते दोन भाग एवढेच. पण सोलापुरात वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे असता तेवढेही भांड्यातच राळ घट्ट करून टाकते. म्हणून काम पहाटे करणे आणि राळ थोडी थोडी कालविणे हेच येथे शहाणपणाचे ठरते. घासताना उडणारी काचेची धूळ श्वासात जाऊ नये याची काळजी मात्र कोणत्याही ऋतूत सारखीच घ्यावी लागते.

शेवटी जोड. फ्लेअर राळेने चिकटवून, वर पुट्टी भरून रंगविला तर तो मूळ बॉडीचाच भाग वाटतो. पण फायबर उष्णतेने लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, आणि शर्यतीच्या हादऱ्यांनी त्या सांध्यावर लवकरच केसासारखी रेघ उमटते. म्हणून शर्यतवाले किंचित मोठी छिद्रे पाडून, मध्ये रबरी पट्टी देऊन, स्क्रूने वा रिव्हेटने तो बसवितात. दुसऱ्या मोटारीचा धक्का लागून फ्लेअर तुटला तर दोन फेऱ्यांच्या दरम्यान तो बदलता येतो. साचा घरी असतोच. रिव्हेटच्या ज्या रांगेस आज लोक शर्यतीचे भूषण समजतात, तिचे मूळ या सोयीत आहे.

आपल्याकडे या कारागिरीचे क्षेत्र कायद्याने बंदिस्त मार्गापुरते आखले आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निर्वाळा दिला की उत्पादकाने ठरविलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत असा फेरफार सार्वजनिक रस्त्यावरील वाहनात करता येणार नाही. पद्मिनीचे उत्पादन तर या शतकाच्या आरंभीच थांबले, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सीही गेली. जुन्या शर्यतीच्या पद्मिन्या आता संग्राहक शोधून काढतात व त्या मूळ रूपात आणू पाहतात. तेव्हा त्यांना आढळते की फ्लेअर स्क्रू काढताच निघतो, पण त्याच्याखालची कापलेली कमान भरण्यास कुर्ल्याचा पत्रा मिळत नाही. तो दुसऱ्या मोडीत निघालेल्या पद्मिनीच्या कुशीतून कापून आणावा लागतो.