डॉक (फाइलस्वरूप)

डॉक : मायक्रोसॉफ्ट वर्ड या शब्दसंस्करण प्रणालीचे जुने बायनरी फाइलस्वरूप. आजच्या वर्डमध्ये ‘वर्ड 97–2003 डॉक्युमेंट’ या नावाने उपलब्ध असलेला सेव्हचा पर्याय तो हाच. वर्ड 97, 2000, 2002 आणि 2003 या आवृत्त्यांचे हे मूळ स्वरूप होते. वर्ड 2007पासून त्याची जागा डॉकएक्सने घेतली.

इतिहास : वर्ड 1983 साली एमएस-डॉससाठी बाजारात आले. त्याच्या फायलींना डॉक हेच नामविस्तारक असले, तरी आतली रचना आवृत्तीगणिक बदलत गेली. त्यामुळे एकाच नामविस्तारकाखाली परस्परांशी न जुळणारी अनेक स्वरूपे आढळतात. वर्ड 97मध्ये मोठा बदल झाला आणि मजकूर युनिकोडमध्ये साठवला जाऊ लागला. त्याआधीच्या वर्ड 6 व 95च्या स्वरूपात एका अक्षरचिन्हाला 8 बिटांचीच जागा असल्याने युनिकोड देवनागरी त्यात साठवता येत नाही. मायक्रोसॉफ्टने 2008 साली या स्वरूपाचा तपशीलवार आराखडा सर्वांसाठी खुला केला.

रचना : डॉक फाइलमध्ये मजकूर, मांडणीची माहिती आणि चित्रे स्वतंत्र प्रवाहांत विभागलेली असतात. मजकूर सलग असेलच असे नाही. त्याचे तुकडे कोणत्या क्रमाने वाचायचे हे एका तक्त्यात नोंदलेले असते. जुन्या वर्डमधील ‘फास्ट सेव्ह’ ही सोय याच रचनेवर चाले. फाइल पूर्ण नव्याने न लिहिता नवे बदल शेवटी जोडले जात. त्यामुळे खोडलेला मजकूरही फाइलमध्ये दडून राही. याउलट डॉकएक्स हे झिप पद्धतीने आकुंचित केलेले एक्सएमएल फायलींचे गाठोडे असून ते 2006मध्ये एक्मा आणि 2008मध्ये आयएसओचे मानक झाले.

जतन करण्याची पद्धत : ‘सेव्ह अ‍ॅज’ (एफ12 कळ) उघडून फायलीच्या प्रकारात ‘वर्ड 97–2003 डॉक्युमेंट’ निवडतात. लिबरऑफिस रायटरमध्येही हा पर्याय आहे. डॉकएक्स फायलीच्या नावातील शेवटचे अक्षर पुसून रूपांतर होत नाही. आतली रचना तशीच राहते आणि जुन्या संगणकावर ती फाइल उघडत नाही.

रूपांतरातील हानी : जुन्या स्वरूपात ज्यांना जागा नाही, ते घटक साधे केले जातात. वर्ड 2007नंतरची गणिती समीकरणे आणि स्मार्टआर्ट आकृत्या चित्ररूप होतात, तर भरावयाच्या अर्जांतील कंटेंट कंट्रोलचा साधा मजकूर होतो. कम्पॅटिबिलिटी चेकर अशा बदलांची यादी आधीच दाखवतो. म्हणून मूळ डॉकएक्स फाइल राखून डॉक ही निराळी प्रत करणे योग्य ठरते.

सुरक्षितता : साध्या डॉक फायलीत मॅक्रो साठवता येतात. 1999मधील मेलिसा हा विषाणू अशाच वर्ड फायलींतून ई-मेलद्वारे पसरला. डॉकएक्समध्ये मॅक्रो ठेवता येत नाहीत. त्यासाठी डॉकएम हे वेगळे स्वरूप आहे.

मराठी मजकूर : युनिकोड मराठी वर्ड 97–2003 स्वरूपात सुरक्षित राहते. अडचण येते ती श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या जुन्या फॉन्टांत टंकलेल्या मजकुराची. तेथे फायलीत देवनागरी अक्षरे नसून इतर चिन्हांचे संकेतांक असतात आणि त्यांना देवनागरी रूप देण्याचे काम फॉन्ट करतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल निरर्थक रोमन अक्षरांनी भरलेली दिसते. पेजमेकरला युनिकोडचा आधार नसल्याने त्यावर चालणाऱ्या मराठी छपाईच्या कामात असे फॉन्ट दीर्घकाळ टिकले. डॉकची डॉकएक्स केल्याने हा दोष जात नाही, कारण फाइलस्वरूप आणि लिपीची संकेतप्रणाली या दोन वेगळ्या बाबी आहेत. त्यासाठी त्या विशिष्ट फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक वापरून नंतर जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या तपासाव्या लागतात.