अणूंचे थर रचणाऱ्यांचे श्रेय

अर्धवाहकात प्रकाश शोषला गेला की एक इलेक्ट्रॉन जागा सोडतो आणि मागे धनभारासारखे वागणारे ‘होल’ उरते. ही दोघे एकमेकांना धरून राहिली तर त्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९३१ मध्ये ही कल्पना मांडली आणि ग्रेगरी वॅनियर यांनी १९३७ मध्ये तिला अर्धवाहकांना लागू पडेल असे रूप दिले. पुढचा इतिहास बहुधा सिद्धांतांचाच इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो अपुरा वाटतो. प्रकाश आणि एक्सायटॉन यांचे नाते माणसाला हवे तसे घडवता येऊ लागले, ते अणूंचे थर रचणाऱ्यांच्या कारागिरीमुळे.

गॅलियम आर्सेनाइडचेच पाहा. त्याच्या जाड स्फटिकात या जोडीचे बंधन सुमारे ४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टचे असते, तर खोलीच्या तापमानातली उष्णता सुमारे २५ची. जोडी टिकणार कशी? पण याच पदार्थाचा १० नॅनोमीटरचा थर अॅल्युमिनियम मिसळलेल्या दोन थरांच्या मध्ये बसवला, की इलेक्ट्रॉन आणि होल त्या खाचेत कोंडले जातात. दोघांमधले अंतर घटते, बंधन दुपटीच्या आसपास घट्ट होते आणि प्रकाशाला मिळणारा प्रतिसादही वाढतो. हीच क्वांटम वेल. ती रचण्याचे तंत्र बेल प्रयोगशाळेत अल्फ्रेड चो आणि जॉन आर्थर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस उभे केले. जवळजवळ संपूर्ण निर्वात पात्रात गॅलियम, अॅल्युमिनियम आणि आर्सेनिक वेगवेगळ्या कुप्यांत तापवायचे, कुप्यांपुढच्या झडपा नेमक्या क्षणी उघडायच्या-मिटायच्या आणि सेकंदाला साधारण एक अणुथर या गतीने स्फटिक वाढवायचा. याच प्रयोगशाळेतल्या डिंगल, विगमन आणि हेन्री यांनी १९७४ मध्ये अशा थरांतून प्रकाश पाठवला, तेव्हा शोषणाच्या आलेखात एक्सायटॉनची आठपर्यंत शिखरे सुटी सुटी दिसली. त्यांच्या जागा थराच्या जाडीवर ठरत होत्या.

यावर आक्षेप येईल, की लेनिनग्राडमध्ये येवगेनी ग्रॉस यांनी १९५२ मध्येच क्युप्रस ऑक्साइडच्या स्फटिकात हायड्रोजनसारखी रेषामालिका पाहिली होती. मग थरांनी नवे काय दिले? ग्रॉस यांचा शोध मोठाच. शिवाय जाड स्फटिकात प्रकाश आणि एक्सायटॉन एकमेकांत मिसळतात, हे जॉन हॉपफील्ड यांनी १९५८ मध्ये गणिताने मांडले होते. पण तिथे ही मिसळ किती व्हायची, हे पदार्थच ठरवतो. थरांमुळे ते प्रयोग करणाऱ्याच्या हाती आले. १९८४ मध्ये डेव्हिड मिलर आणि सहकाऱ्यांनी क्वांटम वेलवर थरांच्या काटकोनात विद्युतक्षेत्र लावले. जाड स्फटिकात एवढ्या क्षेत्राने जोडी फाटली असती. इथे खाचेच्या भिंतींनी ती धरून ठेवली आणि शोषणाचे शिखर शाबूत राहून कमी ऊर्जेकडे सरकले. प्रकाशाची उघडझाप करणारे मॉड्युलेटर याच गुणावर उभे राहिले. १९९२ मध्ये क्लोद वाइसबुख आणि त्यांच्या टोकियोतील सहकाऱ्यांनी क्वांटम वेल दोन आरशांमध्ये ठेवल्या. हे आरसेही अर्धवाहकाच्या थरांचेच. आरशांतल्या प्रकाशाची ऊर्जा एक्सायटॉनच्या ऊर्जेशी जुळवली, तरी परावर्तनातल्या दोन खळग्या एकमेकींत विरल्या नाहीत, वेगळ्याच राहिल्या. प्रकाश आणि जोडी मिळून दोन नव्या अवस्था झाल्याचा तो पुरावा होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: काय रचायचे हे सिद्धांताने सांगितले नसते, तर कारागिरी आंधळी राहिली असती. हे खरेच आहे. पण खाचेत कोंडलेल्या कणाचे गणित १९७४च्या कितीतरी आधीपासून पाठ्यपुस्तकांत होते. अडून राहिले होते ते सपाट, निर्मळ थरांसाठी. विल्यम विगमन हे स्फटिक वाढवणारे. त्यांचे नाव १९७४च्या निबंधावर आहे, तसेच १९८४च्याही. दोन्ही वेळा प्रश्न निराळा होता आणि प्रश्न विचारणारेही बहुतेक निराळे, पण उत्तर देऊ शकेल असा स्फटिक त्याच परंपरेतून आला. म्हणून या शोधांच्या इतिहासात स्फटिक वाढवणाऱ्यांचे नाव आभाराच्या ओळीत न राहता मुख्य कथेत यायला हवे.